आमच्या पाण्याचा अहवाल आमच्यापर्यंत येऊ द्या

नागपूरच्या नळांत पाणी सोडणाऱ्या, त्या पाण्याची तपासणी करणाऱ्या आणि त्याचे बिल पाठवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

मी नंदनवन भागात मेस चालवते. यवतमाळ, गोंदिया, गडचिरोली, वाशीमकडून शिकायला आलेली मुले-मुली माझ्याकडे दोन्ही वेळ जेवतात. त्यांच्या आयांचे मला फोन येतात. भाजी कोणती, पोळ्या किती, हे फारसे कुणी विचारत नाही. "ताई, पाणी कोणतं देता?" हे मात्र प्रत्येकीला विचारायचे असते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा तर हे फोन रात्री भांडी आवरेपर्यंत येत होते. मी सांगते, नळाचं पाणी आहे, गाळून-उकळून देते. त्यापुढचा प्रश्न आला की माझ्याकडे उत्तर नसते. ते उत्तर तुमच्या रजिस्टरमध्ये असते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि जाहीरपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या स्वयंपाकघराचा नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी गढूळ येऊ लागले. भांड्यात घेऊन ठेवले की तळाशी मातकट थर बसायचा, आणि सकाळच्या पहिल्या धारेला गटारासारखा वास यायचा. मी तक्रार नोंदवली. फोनवर सांगण्यात आले, "काही होत नाही जी, दहा मिनिटं नळ सोडून ठेवा." पुन्हा तक्रार केल्यावर भर पावसात एक कर्मचारी आला. त्याने माझ्या नळाचे पाणी काचेच्या लहान नळीत घेतले, त्यात ओटी नावाच्या रसायनाचे दोन-चार थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन असेल तर ते पिवळे होते. ते अगदी फिके, जेमतेम लिंबाच्या सालीसारखे दिसले. त्याने रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिले, निर्जंतुक बाटलीत आणखी एक नमुना भरला, चिठ्ठी चिकटवली आणि तो निघाला. किती आले, असे मी विचारले. "अहवाल ऑफिसला जातो, ताई." त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तो आला, त्याने त्याचे काम नीट केले. पण ऑफिसात विचारायला गेले तेव्हा तो अंतर्गत कागद आहे, असे मला सांगितले गेले. त्या बाटलीचे पुढे काय झाले, ते आजतागायत मला कळलेले नाही. काही दिवसांनी रस्त्याच्या कडेला खड्डा खणलेला दिसला, मग तो बुजवलेला दिसला, आणि पाणी स्वच्छ येऊ लागले. मधल्या दिवसांत माझ्याकडची मुले काय प्यायली?

नागपूरचे पाणी वाईट आहे, असे मी म्हणत नाही. या शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते, शुद्धीकरण केंद्रे आहेत, प्रयोगशाळा आहेत, दररोज नमुने घेतले जातात. देशाला पाणी शुद्ध करायला शिकवणारी नीरी ही संस्था 1958 पासून याच शहरात आहे. विश्वास ठेवायला एवढे खरे तर पुरेसे असायला हवे. तो विश्वास बसत नाही, कारण तपासणी होते आणि तिचा निकाल आमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्याच्या घरातून नमुना घेतला, त्याला निकाल मिळत नाही. रक्त तपासायला दिले की संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो, डॉक्टर कोण आहेत हे न विचारता. माझ्या नळाचे पाणी तपासले तर त्याचा कागद माझा का नाही? क्लोरीनचा आकडा तर तिथेच, अर्ध्या मिनिटात कळतो. जंतूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात, हे मला समजते. पण म्हणूनच निकाल लवकर कळवण्याची गरज जास्त आहे. नमुना "पिण्यास अयोग्य" ठरतो, तेव्हा ते पाणी आमच्या पोटात गेलेले असते.

दुसरी तक्रार अशी, की पाणी किती आहे हे तुम्ही सांगता, कसे आहे हे सांगत नाही. तोतलाडोह धरणात किती टक्के साठा आहे, हे नागपूरच्या शाळकरी पोराला ठाऊक असते. 2019 च्या जुलैत पाऊस लांबला, धरण तळाला गेले, आणि शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. तेव्हा तुम्ही आकडे उघड केले आणि लोकांनी समजून घेतले. कूलर बंद ठेवले, भांडी धुतलेले पाणी झाडांना घातले. कोणत्या जलकुंभावरून उद्या पुरवठा बंद राहील, याची यादी वस्त्यांच्या नावांसह आजही आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येते. म्हणजे माहिती वस्तीपर्यंत पोहोचवण्याची सोय तुमच्याकडे आहे. त्याच जागी, त्याच जलकुंभाच्या नावापुढे, त्या आठवड्याचा क्लोरीन आणि गढूळपणाचा आकडा छापायला काय अडचण आहे?

तिसरी तक्रार थोडी सविस्तर सांगते, कारण खरी गोम इथे आहे. विचारलेच, तर उत्तर मिळते ते शुद्धीकरण केंद्राचे. गोरेवाड्याला किंवा कन्हानला पाणी बाहेर पडते तेव्हा ते शुद्ध असते, यावर माझा विश्वास आहे. पण मी गोरेवाड्याला पाणी भरत नाही. तिथून माझ्या घरापर्यंत मोठी वाहिनी, जलकुंभ, गल्लीतली जुनी पाइपलाइन, गटाराला खेटून गेलेले नळजोड, एवढा प्रवास आहे. वाहिनीत दाब असेल तोवर फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाते. दाब गेला की त्याच जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. उन्हाळ्यात घरोघरी नळातून पाणी ओढणारे टिल्लू पंप लागतात तेव्हा नेमके हेच होते, आणि ज्याने पंप लावला त्याच्या शेजाऱ्यालाही ते पाणी प्यावे लागते. धरमपेठेतल्या प्रायोगिक प्रकल्पापासून या शहराला चोवीस तास पाण्याचे जे स्वप्न दाखवले गेले, त्याचा आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच होता: वाहिनीत सतत दाब, म्हणून घाणीला वाट नाही. जिथे आज दिवसातून तासभर पाणी येते, तिथे तो फायदा मिळत नाही. त्यामुळे केंद्रावरचा आकडा कितीही चांगला असला, तरी वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळाचा आकडा हाच माझा आकडा. भारतीय मानक 10500 मध्ये तो स्पष्ट आहे. पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. गढूळपणा, जो एनटीयू या एककात मोजतात, तो 1 पर्यंत, पर्यायी स्रोत नसेल तर फार तर 5. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही नको. हे तीन आकडे शेवटच्या नळाचे द्या. एवढ्यावर मी आयांना उत्तर देऊ शकते.

या मौनाचा फायदा कोण घेते, ते मी माझ्या ओट्यावर पाहिले आहे. आरओ मशीन विकणारा एक तरुण आला. एका पेल्यात त्याच्या मशीनचे पाणी, दुसऱ्यात माझ्या नळाचे. दोन्हींत त्याने धातूच्या पट्ट्या असलेले एक यंत्र बुडवले आणि बटण दाबले. नळाचे पाणी बघता बघता तपकिरी झाले, वर गंजासारखा फेस आला. मुलीला भेटायला आलेली एक आई शेजारी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. "हे तुमची मुलं रोज पितात," तो म्हणाला. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकले आहे. त्याच्या स्वच्छ पेल्यात मी चिमूटभर मीठ टाकले आणि आता यंत्र लाव म्हटले. तेही पाणी तसेच तपकिरी झाले. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडी पट्टी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. तो रंग पट्टीचा असतो, नळाच्या पाण्याचा नव्हे. तो मुलगा सामान आवरून गेला, पण आमच्या गल्लीत त्याची मशीन विकली गेली. लोकांना मी कुठला कागद दाखवणार होते? "आपल्या जलकुंभाच्या पाण्यात क्षार एवढे आहेत, मशीनची गरज नाही," असे सांगणारा एक फलक त्या वेळी चौकात असता, तर कष्टाचे पैसे वाचले असते.

ही बाब छोटी नाही. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितले होते, कारण एक पेला पाणी मिळवण्यासाठी हे मशीन त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते. मे महिन्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत बाया टँकरची वाट बघत असतात आणि इकडे घराघरांतून पाणी गटारात जात असते. शिवाय आरओ क्लोरीनही काढून टाकते. ते पाणी उघड्या भांड्यात राहिले, तर त्याला राखणारे काही उरत नाही. आपल्या नळाच्या पाण्याचा क्षारांचा आकडा माहीत असेल, तरच माणूस मशीन घ्यायचे की नाही, हे शहाणपणाने ठरवेल.

ज्यांना मशीन परवडत नाही, ते थंड पाण्याची कॅन घेतात. दुकानांत, लग्नांत, ऑफिसांत, आणि गढूळ पाण्याच्या त्या दिवसांत माझ्याकडेही तीच आली. सीलबंद बाटलीवर परवान्याचा क्रमांक असतो. या सुट्या जारवर तो मला कधी दिसला नाही. कुठल्या बोअरवेलचे पाणी, कधी तपासले, जार कशाने धुतला, काही लिहिलेले नसते. म्हणजे तपासलेल्या पाण्यावरचा विश्वास उडाला म्हणून लोक न तपासलेले पाणी विकत घेऊन पितात. याची जबाबदारी लोकांच्या अडाणीपणावर टाकू नका.

आणखी एक. पाणी बिघडण्याची शक्यता असते, तेव्हा आधी सावध करण्याची पद्धत नाही. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख नाल्या-नद्यांत वाहून गेली. बातमी वाचून मी घाबरले, कारण माझ्या नळाला पेंचचे पाणी येते की कन्हानचे, हे मला सांगणारे कुणी नव्हते. ते बिलावर लिहिलेले नसते, जलकुंभावरही नसते. आपल्या घरात कुठल्या नदीचे पाणी येते, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसावे, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

माझे माहेर खेड्यातले. तिथे या बाबतीत जे आहे, ते मला उपराजधानीत मिळत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड आले की ग्रामसभेत सरपंचाला लोक धारेवर धरतात. 2019 ला जलजीवन मिशन आले, तेव्हा गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायचे किट देऊन शिकवण्याचे ठरले. माझी वहिनी नववीपर्यंत शिकलेली आहे, आणि नायट्रेट कसे बघायचे, ते ती मला सांगते. माझ्या प्रभागाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे? मी कोणत्या सभेत विचारायचे?

नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमधल्या नळाच्या पाण्याचे निकाल जाहीर केले. मुंबईचे नमुने सगळ्या कसोट्यांवर उतरले, दिल्लीचे उतरले नाहीत. दिल्लीत त्यावरून मोठा वाद झाला. व्हायलाच हवा होता, आकडे समोर होते म्हणूनच तो होऊ शकला. नागपूर त्या यादीत नव्हते.

आता कायद्याचे. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा अधिनियम मी वाचला आहे. दहा रुपयांचा अर्ज करून तीस दिवसांत उत्तर मागता येते, जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत. पण त्याच कायद्याचे कलम 4 असे सांगते, की कार्यालयांनी माहिती ठरावीक काळाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, म्हणजे नागरिकाला अर्ज करण्याची वेळच कमी यावी. पाण्याच्या गुणवत्तेइतकी या कलमात चपखल बसणारी दुसरी माहिती मला सुचत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क देतो. मीटर वाचून युनिटप्रमाणे तुम्ही मला बिल पाठवता, आणि मी ते वेळेत भरते.

"आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील," असे मला एका टेबलावर ऐकवण्यात आले. लोक आत्ताच घाबरलेले आहेत. म्हणून तर कॅनच्या गाड्या दारोदार फिरतात. वाईट निकाल वेळेवर सांगणाऱ्याच्या चांगल्या निकालावर लोक विश्वास ठेवतात. सदा सर्वकाळ "पाणी शुद्ध आहे" असेच म्हणणाऱ्यावर ठेवत नाहीत. अमेरिकेत 1996 च्या कायदादुरुस्तीनंतर प्रत्येक पाणीपुरवठादाराला ग्राहकांना दरवर्षी अहवाल द्यावा लागतो: पाणी कुठून येते, त्यात काय सापडले, मर्यादा किती. तरीही 2014 मध्ये फ्लिंट शहराने नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली आणि नळांत शिसे उतरले. लोक बाटल्यांतून रंगीत पाणी दाखवत राहिले, अधिकारी पाणी सुरक्षित आहे असे म्हणत राहिले. शेवटी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि डॉ. मोना हन्ना-अतीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 2015 मध्ये आकडे मांडले, तेव्हा सरकारला मान्य करावे लागले. म्हणून तुमचा अहवाल तर हवाच, पण त्यासोबत बाहेरच्या प्रयोगशाळेची पडताळणीही हवी. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक जलकुंभाच्या फाटकावर मराठीत आणि हिंदीत फलक लावा. पाणी कुठल्या केंद्रातून येते, शेवटच्या टोकाच्या नळावरचा क्लोरीन किती, गढूळपणा किती, क्षार किती, जंतूंच्या तपासणीचा निकाल काय आणि कोणत्या तारखेचा. आठवड्यातून एकदा तो बदला. खडूने लिहिला तरी चालेल.

ज्या घरातून नमुना घेतला, त्या घराला निकाल मोबाइलवर कळवा. क्लोरीनचा आकडा तर नमुना घेणाऱ्यानेच तिथल्या तिथे तोंडी सांगावा आणि रजिस्टरवर घरच्या माणसाची सही घ्यावी.

नमुना पिण्यास अयोग्य निघाला, तर त्याच दिवशी त्या वस्तीत सांगा. रोज सकाळी कचरागाडी येते, तिच्या भोंग्यावरून सांगा. पाणी उकळून प्या, अमुक दिवशी पुन्हा तपासू, एवढे पुरे. दुरुस्ती झाल्यावर पाणी ठीक झाल्याचेही त्याच भोंग्यावरून कळू द्या.

बिलाच्या मागच्या बाजूला मागच्या सहा महिन्यांचा गोषवारा छापा: आमच्या झोनमध्ये किती नमुने घेतले, किती नापास झाले, नापास झाले तिथे काय केले.

वर्षातून एकदा दहाही झोनमध्ये नीरीकडून किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घ्या. जागा तुम्ही निवडू नका, त्या प्रयोगशाळेला निवडू द्या. त्यात झोपडपट्ट्यांतले आणि शहरात नव्याने आलेल्या हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या भागांतले नळ असलेच पाहिजेत. तो अहवाल हिवाळी अधिवेशनाच्या आधी बाहेर येऊ द्या, म्हणजे विधानभवनात त्यावर प्रश्न विचारता येतील.

सुट्या कॅनच्या पाण्याचे नमुने घेणे तुमच्या अखत्यारीत नसेल, तर ज्या खात्याच्या अखत्यारीत आहे त्याला पत्र लिहा, आणि ते पत्रही जाहीर करा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवे यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. तपासणी होतेच आहे, माणसे आहेत, गाड्या आहेत. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या सरीच्या आधी एवढे तरी सुरू करा, कारण गॅस्ट्रो आणि काविळीचे दिवस तिथूनच सुरू होतात. कोणत्या तारखेपासून सुरू करणार, ते लेखी कळवा. मी ते उत्तर मेसच्या दारावर लावीन, मुलांच्या आयांना पाठवीन. उत्तर आले नाही, तर गल्लीतल्या आम्ही बायका कलम 4 चा दाखला देऊन आमच्या जलकुंभापुरता अर्ज करू, आणि शेजारच्या वस्त्यांनाही करायला सांगू.

माझी गल्ली वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे. नमुना घेण्यासाठी तुम्हाला कायमची एक जागा लागणार असेल, तर माझ्या स्वयंपाकघरातला नळ घ्या. सकाळी सहापासून दार उघडे असते, आधी कळवायची गरज नाही.

आपली,
नंदनवन भागात मेस चालवणारी एक पाणीबिल भरणारी ग्राहक